स्मृतीला काम लागते: जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या बळाची मीमांसा

दहाव्याला भेटायला आलेले बहुतेक जण निघताना एक वाक्य म्हणतात: आता आठवणींच्याच आधाराने राहायचे. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. आठवणींच्या आधाराने काही माणसे उभी राहतात आणि काही अंथरूण धरतात. आठवणी दोघांकडेही असतात, प्रेमही दोघांचे असते. मग फरक कुठून येतो, याची छाननी या लेखात करायची आहे. माझे प्रतिपादन असे: स्मृती आपण होऊन बळ देत नाही. ती खरी असावी लागते, कुणापाशी तरी बोलता यावी लागते आणि तिला करायला काही काम असावे लागते. हे काम बहुधा दुसऱ्याच्या दुःखाशी जोडलेले असते. करुणेचा संबंध तिथे येतो.

आधी हानीचे स्वरूप पाहू. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ताणाच्या घटनांची मोजपट्टी तयार केली, तिच्यात जोडीदाराचा मृत्यू १०० गुणांसह सर्वांत वर आहे. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. हाय खाऊन गेला, असे आपल्याकडे म्हणतात. त्याला आकड्यांचा दुजोरा आहे.

आणखी एक हानी सहसा कुणी मोजत नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात असे मांडले की दीर्घकाळ एकत्र राहणारी माणसे लक्षात ठेवण्याचे काम आपसांत वाटून घेतात. विम्याचा हप्ता कधी भरायचा हे एकाला ठाऊक, नणंदेच्या सासरच्यांची नावे दुसऱ्याला. जोडीदार गेला की आठवणी मागे उरतात, पण आठवण्याची अर्धी व्यवस्था त्याच्याबरोबर जाते. थोरल्याला गोवर कोणत्या उन्हाळ्यात आला होता, हे विचारायला माणूस राहत नाही. दोघांनीच पाहिलेल्या गोष्टींना आता एकच साक्षीदार असतो, आणि एकट्या साक्षीदाराला स्वतःच्याच आठवणीची खात्री वाटेनाशी होते. ‘आठवणी आहेत ना’ हे सांत्वन सुरुवातीच्या महिन्यांत टोचते, त्याचे एक कारण हे असावे.

आता पूर्वपक्ष. फ्रॉइडने १९१७ च्या ‘शोक आणि विषाद’ या निबंधात शोकाला एक प्रकारचे श्रम मानले. गेलेल्या माणसाशी जडलेली एकेक आठवण वर काढायची, ती व्यक्ती आता नाही हे प्रत्येक ठिकाणी कबूल करायचे, आणि अखेर मन मोकळे करून घ्यायचे. यातूनच ‘विसरून पुढे चला’ हा विसाव्या शतकातला सल्ला निघाला. पण त्याच फ्रॉइडने १९२९ मध्ये, मुलीच्या मृत्यूला नऊ वर्षे झाल्यावर, मित्राला लिहिलेल्या पत्रात अशा माणसाची जागा कधीच पूर्णपणे भरत नाही, अशी कबुली दिली. सिद्धान्त एकीकडे, बाप एकीकडे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या पाच अवस्थांचेही (१९६९) असेच झाले. त्या मांडल्या गेल्या मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून; लोकांनी त्या मागे राहिलेल्यांच्या गळ्यात मारल्या. मग त्या अवस्थांपैकी राग आला नाही म्हणूनही माणसे काळजीत पडू लागली.

उत्तरपक्ष १९९६ मध्ये स्पष्ट झाला. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी दाखवले की निरोगी माणसे मृताशी असलेले नाते तोडत नाहीत, ते बदलून घेतात. याचा एक पुरावा जुनाच होता. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास मांडला. त्यांच्यातील जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार कधी ना कधी जवळपास असल्यासारखे वाटले होते: कुणाला पाऊल वाजल्यासारखे, कुणाला हाक आल्यासारखे. बहुतेकांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. यात वेडाचा अंश नाही, हे डॉक्टरने दारात उभ्याउभ्या सांगितले तरी पुष्कळ काम होते.

म्हणजे स्मृती टिकते, टिकावी. पण कोणती? येथे महाराष्ट्रातील तीन स्त्रियांची उदाहरणे घेतो. त्यांना आदर्श म्हणून मखरात बसवण्याचा हेतू नाही. तिघींच्या बाबतीत आठवणीचे काय झाले याची लेखी नोंद उपलब्ध आहे, हे महत्त्वाचे.

लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. हे पुस्तक शोकाच्या अभ्यासकाने वाचावे ते त्यातल्या भांडणांसाठी. टिळकांचा संताप, लहरीपणा, घरात दमडी नसताना केलेला दानधर्म, १८९५ मध्ये घरी न सांगता स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म आणि त्यानंतरची ताटातूट, यातले काहीच झाकलेले नाही. तरी पुस्तकभर प्रेम आहे, आणि हसूही आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असा दंडक आहे. तो सभ्यतेचा म्हणून ठीक. पण घरातल्या माणसाने तो पाळला की नवऱ्याचा देव होतो, आणि देवाशी गप्पा मारता येत नाहीत. खरी, तपशिलातली, रागलोभासकटची आठवण माणसाला जवळ ठेवते. धुऊनपुसून गुळगुळीत केलेली आठवण त्याला दूर नेते, आणि जे पुसले ते अपराधी भावनेच्या रूपाने परत येते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईला टिळकांनी शिकवायला घेतले आणि जिचे लिहिणे अखेरपर्यंत अशुद्धच राहिले, तिनेच ते पुढे नेले.

रमाबाई रानड्यांच्या बाबतीत क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. रमाबाई पुण्याला आल्या आणि सुरुवातीचा काळ त्यांनी जवळजवळ एकांतात काढला. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायला जाऊ लागल्या, १९०८ मध्ये मुंबईच्या सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तिथे विधवा आणि परित्यक्ता शिकल्या, परिचारिका झाल्या. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक १९१० चे. म्हणजे एकांत आधी, काम मग, आणि आठवणींचे पुस्तक त्यानंतर. आठवणींतून बळ मिळाले आणि त्या बळावर काम उभे राहिले, ही सोपी मांडणी इथे बसत नाही. काम हाती आल्यावर आठवणींना आकार आला, असे म्हणणे जास्त नेमके. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला नवऱ्याने शिकवले आणि घरातल्या बायकांनी त्यासाठी छळले, ही आठवण येरवड्यात आणि सेवासदनात उपयोगाची झाली. शिकू पाहणाऱ्या बाईला घरातून काय सोसावे लागते, हे तिथल्या मुलींना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती आणि रमाबाईंनाही नव्हती.

सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट याहून वेगळी, कारण तिथे नवे काम शोधावेच लागले नाही. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्ये त्या दोघांनी स्वतःच्या घरी काढले होते. दत्तक मुलगा यशवंत तिथे आलेल्या विधवेचाच. पतीनंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले आणि १८९३ च्या सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. जोतीरावांचे चरित्र त्यांनी काव्यात लिहिले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रुग्ण आणताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. जिथे संसार आणि कार्य एकच असते तिथे आठवण बसून आठवावी लागत नाही; ती हातांत असते.

संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाने रसचर्चेत साधारणीकरणाची कल्पना आणली: एकाची भावना व्यक्तीच्या मर्यादा सोडून सर्वांना अनुभवता येते. ती प्रेक्षकाविषयी आहे, शोकाकुल माणसाविषयी नाही, हे भान ठेवूनही सुचवावेसे वाटते की करुणेच्या कामात काहीसे असेच घडते. एखादी विधवा म्हणेल: माझा नवरा गेला, ही फक्त माझी गोष्ट. नवरा गेलेल्या दुसऱ्या बाईकडे मी बसले आहे, तेव्हा तीच गोष्ट आमच्या दोघींची होते.

याचा व्यवहारातला पुरावाही आहे. सिल्व्हरमन यांनी १९६० च्या दशकात बॉस्टन भागात एक साधी योजना आखली: नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीकडे, पूर्वी विधवा होऊन सावरलेल्या स्त्रीने जायचे. समुपदेशक म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून. टोरांटोत याच पद्धतीची १६२ विधवांवर तुलनात्मक चाचणी झाली आणि तिचा अहवाल १९८० मध्ये आला. जिच्याकडे अशी सोबतीण गेली ती लवकर सावरली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील ज्येष्ठ विधवा-विधुरांच्या एका अभ्यासात स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांना आढळले की जे इतरांना मदत करत होते त्यांची उदासी अधिक लवकर उतरली. मदत घेण्याने जे साधत नाही ते देण्याने साधते, याचे कारण मला असे दिसते: जोडीदार गेल्यावर सर्वांत आधी हरवते ते कुणाला तरी आपण हवे असण्याचे भान.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि मराठी वाचकाच्या मनात तो आधीच आला असेल. विधवेने परोपकार करावा, हे तर आपला समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला. लाल आलवणातली आत्या घराघरांत होती. बाळंतपणे तिने काढायची, सोवळ्याचा स्वयंपाक तिने करायचा, आजाऱ्याच्या उशाशी तिने जागायचे, आणि मंगलकार्यात मात्र माजघराच्या बाहेर यायचे नाही. तिला करुणामूर्ती म्हणणारे लेखन मराठीत पुष्कळ आहे. ती करुणा नव्हती, बिनपगारी राबणूक होती. दोन्हींतला फरक बाहेरून दिसत नाही, कारण कृती सारखीच असते. फरक नकाराच्या अधिकारात असतो. आज मला जमणार नाही, असे जिला म्हणता येते तिचीच सेवा करुणा ठरते. आणि त्या आत्याला स्वतःच्या नवऱ्याविषयी बोलायची मुभा कुठे होती? बालविधवेला तर आठवायला चेहराही नसायचा. सेवासदन वेगळे ठरते ते यामुळे: तिथल्या सेवेला शिक्षण होते, वेतन होते आणि प्रतिष्ठाही.

दुसरा आक्षेप परिस्थितीचा. रमाबाईंना राहायला घर होते, नावाला वजन होते. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचे काय? राज्य सरकारची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते: जमीन, कर्ज, थकबाकी आणि वसुलीचा तगादा यांचे कागद लागतात. तलाठी, पोलीस, तहसील, प्रत्येक ठिकाणी तिला नवऱ्याविषयी सांगावे लागते, पण विचारले जाते ते फक्त कर्जाविषयी. तो पोळ्याला बैल कसे सजवायचा, हे रकान्यात बसत नाही. स्मृती बोलता यावी लागते, असे मी वर म्हटले. इथे ती बोलायला लावली जाते, आणि फक्त एका भयंकर दिवसापुरती. सातबारावर नाव चढत नाही तोवर अशा बाईला आठवणींचे बळ शिकवायला जाणे हा उद्धटपणा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केलेल्या ठरावाकडे मी याच दृष्टीने पाहतो. पती गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावाने बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. मंगळसूत्र हा दागिना असेल, बंधन असेल, पण ते त्या बाईच्या सहजीवनाची एक वस्तूही आहे. ते ठेवायचे की काढायचे हे तिने ठरवावे. नवरा गेल्याच्या दिवशीच त्याच्या खुणा हिसकावून घ्यायच्या आणि वर आठवणी जप म्हणायचे, यात विसंगती आहे.

करुणेचे काम हा शोकापासून पळण्याचा मार्गही होऊ शकतो, हे मान्य. श्ट्रोबे आणि शुट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये जे सांगितले ते इथे उपयोगी पडते: सावरणारा माणूस दुःख आणि दैनंदिन जीवन यांच्यात सतत ये-जा करतो. सकाळी पेन्शनचा अर्ज, दुपारी रडू, संध्याकाळी नातवाचा अभ्यास. अडचण तेव्हा होते जेव्हा तो एकाच बाजूला अडकतो, मग ती बाजू रडण्याची असो वा समाजकार्याची. वर्ष उलटूनही तीव्र ओढ कमी होत नसेल, रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर तो उपचाराचा विषय आहे आणि तिथे डॉक्टरच हवा.

पुरुषांविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुरांची संख्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पुरुष आधी मरतात आणि उरलेल्यांचे पुन्हा लग्न होते, म्हणून ही तफावत. पार्क्सचे आकडे तर विधुरांचेच होते. उतारवयातल्या विधुराला हेरवाडसारख्या ठरावाची गरज नाही. त्याच्या अंगावरचे कुणी काही उतरवत नाही. पण वेग्नरने सांगितलेल्या वाटणीत नातीगोती, सणवार, शेजारपाजार हा भाग बहुतेक घरांत बायकोकडे असतो, आणि ती गेली की त्याचा दुसऱ्यांच्या सुखदुःखाशी असलेला धागाच तुटतो. करुणा करायला आधी कुणाचे काय चालले आहे हे कळावे लागते. कट्ट्यावर त्याला पावसाविषयी, निवडणुकीविषयी, गुडघ्यांविषयी विचारणारे पुष्कळ असतात. बायकोविषयी विचारणारा भेटलाच तर तो बहुधा दुसरा विधुर असतो. सिल्व्हरमन यांच्या योजनेचा पुरुषांसाठी प्रयोग करायचा तर त्या दोघांपासून करता येईल.