अंगणवाडी: आधी शाळा होती, मग खिचडी आली

आज किल्ले नाहीत, लेण्या नाहीत. आज अंगणवाडी. कारण घरगुती आहे. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातलं वैजापूर माझं गाव. तिथं माझी साडेतीन वर्षांची पुतणी सकाळी टाय लावून इंग्लिश नर्सरीला जाते, पण नाव गल्लीतल्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्येही आहे. वजन तिकडं, लस तिकडं, एबीसीडी इकडं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, अंगणवाडीत शिकवतात काय? खिचडी देतात." मी स्वतः त्याच अंगणवाडीत होतो, तरी मला उत्तर सुचेना.

म्हणून जरा मागं गेलो. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करायच्या. माँटेसोरीची पद्धत चांगली, पण तिचं साहित्य महाग, श्रीमंतांच्या पोरांना परवडणारं. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि बालवाडी काढली. सोबत अनुताई वाघ. आता गंमत बघा, गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरांमागं. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी पोरांचे हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी. महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. १९५७ ला हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. म्हणजे अंगणवाडी ही मुळात शाळाच. खाऊ नंतरचा.

मग २ ऑक्टोबर १९७५. केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्प. त्यात सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांसाठी आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्व-प्राथमिक शिक्षण. सहाही कामं गावात एकाच ताईच्या दारात येऊन पडतात. हाताशी एक मदतनीस. आणि मिळतं ते मानधन, पगार नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो थेट २०२२ मध्ये!

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. वजन किलोत लिहिता येतं, लस तारखेत. गोष्ट ऐकताना पोरगं किती रंगलं, याला रकाना नसतो. आणि ज्याला रकाना नाही ते काम मागं पडतं, हे आमच्या ऑफिसातही रोज बघतो. त्यात २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहाची पोरं त्या हक्काच्या बाहेरच. ती जागा टायवाल्या नर्सरीनं भरली. (टाय. साडेतीन वर्षं. वैजापूरच्या उन्हात. असो.) २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तिसऱ्या वर्षापासून पायाभूत टप्पा मानला खरा, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

हे सगळं वहिनीला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं आणि एकच विचारलं, "मग आपल्या ताईंना कुणी शिकवलं का, त्या अनुताईंसारखं शिकवायला?"

पुढच्या भागात ताईंनाच विचारतो. त्यांनी दुपारची वेळ दिलीये, रजिस्टरं भरून झाल्यावर.