मोजलेले, मानलेले आणि उरलेले

मुळशी तालुक्यातला भातशेतकरी वर्षाचा हिशेब दोन प्रकारे ठेवतो. शेतीची कामे सूर्याच्या नक्षत्रांवर आणि देवाची कामे चंद्राच्या तिथीवर. राब भाजून झाले की रोहिणीत धूळवाफेवर रोपासाठी पेर टाकायची, मृगाची वाट पाहायची, पुनर्वसूत चिखलणी करून आवणीला हात घालायचा. एकादशी, गौरी-गणपती, दसरा मात्र तिथीने. चळवळसुद्धा तिथीनेच सुरू झाली: टाटांच्या धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह 16 एप्रिल 1921 चा, म्हणजे त्या वर्षीच्या रामनवमीचा. संख्यांना आध्यात्मिक अर्थ कसा चिकटतो हे पाहायचे तर या दोन गणनांमधली फट पाहावी. माझ्या मते तो अर्थ बहुतेक वेळा तिथेच जन्मतो.

आधी मोजलेली संख्या. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी सुमारे 27.32 दिवसांत पुरी करतो, म्हणून नक्षत्रे सत्तावीस. ही घरे मुळात चंद्राची. सूर्य त्यांत पाहुणा. चंद्र जिथे एक दिवस थांबतो तिथे सूर्याला तेरा-चौदा दिवस लागतात. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे हा आपला पावसाळा. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एकूण 108. जपमाळेच्या 108 मण्यांची उपपत्ती अनेक प्रकारे सांगितली जाते. मला ही सर्वांत सरळ वाटते, कारण तिच्यामागे आकाशात खरोखर मोजता येणारी गोष्ट आहे.

मानलेल्या संख्येचे उत्तम उदाहरण म्हणजे पावसाचे वाहन. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून तिथपर्यंत दोन्ही टोके धरून मोजायचे आणि नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव. शून्य उरले तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती भरपूर पाऊस देतात, कोल्हा आणि मेंढा ओढ देतात, घोडा डोंगरावर पाडतो. (मुळशीला घोडा कधीच वाईट नसतो हे ओघाने आलेच.)

2024 चे पुष्य घेऊ. 19 जुलैला सूर्य पुष्यात गेला तेव्हा चंद्र मुळात होता. आठव्या नक्षत्रापासून एकोणिसाव्यापर्यंत मोजले की बारा. नवाने भागून बाकी तीन, वाहन बेडूक. त्याच पुष्यात, 25 जुलैला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भाकीत खरे ठरले म्हणावे? हीच बाकी त्याच दिवशी इंदापूरलाही लागू होती. एकाच पुणे जिल्ह्यात ताम्हिणी परिसर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस घेतो, तर इंदापूर पाचशेच्या आसपास. भागाकाराला सह्याद्री दिसत नाही. तरीही वाहन कालबाह्य झालेले नाही, कारण त्याचे काम वेगळे आहे: तेरा-चौदा दिवसांच्या अनिश्चिततेला ते एक चेहरा देते. पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणणारी बोली तेच करते.

हस्ताचेही तसेच. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात तो खेळ हस्ताच्या पावसाशी जोडलेला. सूर्य हस्तात साडेतेरा दिवस असतो. सातारा-कोल्हापूरकडचा हादगा मात्र सोळा दिवसांचा, रोज एक गाणे वाढवणारा, आणि पुण्याकडचा भोंडला बहुधा नवरात्रातला, नऊ दिवसांचा. सोळा आणि नऊ या दोन्ही संख्या आधीच मानाच्या. सूर्याला त्यांच्यापुढे गप्प बसावे लागले.

सर्वांत सकस जात उरलेल्या संख्यांची. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, सौरवर्ष 365 दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस उरतात आणि साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास त्यांचा एक अख्खा महिना होतो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास बसवले की सूर्य-चंद्र जवळजवळ जुळतात. 2004 चा अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट होता. एकोणीस वर्षांनी, 2023 मध्ये, पुन्हा त्याच तारखांना आला. बाबिलोनियन, ग्रीक, चिनी आणि यहुदी गणितींना हेच एकोणीस-सात सापडले होते.

या उरलेल्या महिन्याचे काय करायचे, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. आपल्याकडे तो मलमासही आहे आणि पुरुषोत्तम मासही: लग्नकार्य वर्ज्य, दान मात्र दुप्पट पुण्याचे. प्राचीन इजिप्तमध्ये तीस-तीस दिवसांच्या बारा महिन्यांनंतर उरलेले पाच दिवस ओसायरिस, आयसिस आदी देवांचे जन्मदिवस ठरले. माया लोकांनी वीस-वीस दिवसांचे अठरा महिने मोजून उरलेले पाच दिवस अशुभ मानले. हिशेबाबाहेर पडलेला काळ एक तर देवाचा किंवा भुताखेतांचा, माणसाचा नव्हे.

अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, दमट असतानाच कुटून गुळात मळायचे आणि खसखशीवर थापून तळायचे. जाळी पडली नाही तर वाण फुकट, कारण या महिन्यात सच्छिद्र वस्तूच द्यायची. तेहतीस हा आकडा साडेबत्तीस महिन्यांवरून आला असावा असे सुचते, पण मोह आवरावा. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती ही तेहतिसांची बेरीज बृहदारण्यक उपनिषदात आहे. जुनी, मानाची संख्या नव्या फटीत बसवली गेली, एवढेच म्हणता येते.

आणखी एक फट आहे, तिच्याकडे पंचांग पाहणारेही सहसा पाहत नाहीत. नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत मृग एक दिवस पुढे सरकतो, पाऊस सरकत नाही. शिवकाळात तो आजच्या दिनदर्शिकेने जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लागत असे. आज 7 किंवा 8 जूनला लागतो. याच सरकण्यावरून लोकमान्य टिळकांनी 1893 च्या 'ओरायन'मध्ये वेदकाळ मोजायचा प्रयत्न केला, आणि शं. बा. दीक्षितांच्या 1896 च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'तही अयनचलनाची सविस्तर चर्चा आहे. वाहनावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण मृगाच्या तारखेला अढळ समजू नका.

2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जूनचा. मृग त्याच्या पोटातच लागतो. त्या वर्षीचे गणपती लांबतात, 14 सप्टेंबरला येतात. रोपाची पेर मात्र एका दिवसानेही पुढे ढकलता येत नाही.