अंगणवाडीत घनाकृतींची ओळख : पालकांसाठी माहिती

योजना काय आहे?
अंगणवाडीत ३ ते ६ वर्षे वयाच्या बालकांना पूर्वशालेय शिक्षण मोफत मिळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रमानुसार त्यासाठी दररोज किमान २ तास द्यायचे आहेत. आकारांची ओळख हा या शिक्षणाचा भाग आहे.

घरी कसा सराव घ्यावा?
आधी वस्तू हाताळू द्या, नाव नंतर सांगा. चेंडू, डबा व खोका तिरक्या पाटावर ठेवा. चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो. डबा आडवा ठेवल्यास घरंगळतो, उभा ठेवल्यास नाही. खोक्यावर खोका रचता येतो. तक्त्यावरील सपाट चित्रातून हे कळत नाही. तोंडात जाईल अशी लहान वस्तू देऊ नका.

घरी मराठी, अंगणवाडीत हिंदी असेल तर?
रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न पडतो. वृत्तचितीला हिंदीत ‘बेलन’ म्हणतात, आणि लाटण्यालाही ‘बेलन’च. इष्टिकाचितीला ‘घनाभ’, तर गोलाला ‘गोला’ म्हणतात. डबा पाहून मूल ‘लाटण्यासारखा’ म्हणाले, तर त्याला आकार समजला आहे. त्याला चूक ठरवू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घरच्या भाषेतून शिकण्यावर भर आहे. म्हणून घरी वापरले जाणारे शब्द अंगणवाडी सेविकेला सांगून ठेवा.

नाव कोठे नोंदवावे?
आपल्या वस्तीतील अंगणवाडी केंद्रात सेविकेला भेटा.