शिक्का मारलेली लग्नपत्रिका

तुम्ही उतरता ते थेट म्हापशाच्या बाजारात. तारीख १९ फेब्रुवारी १९५४, वार शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. बार्देसभरातून माणसं लोटली आहेत. मयड्याची केळी, सुक्या मासळीचे वाटे, चोरिसांच्या माळा, मातीची मडकी, माडाचा गूळ. घासाघीस चालली आहे, भांडणं होताहेत, कुणीतरी खदखदून हसतंय. हुकूमशाही म्हटल्यावर तुम्ही सुनसान रस्ते आणि चौकाचौकात बंदुका अशी कल्पना करून आला असाल, तर बाजार पाहून तुमची फसगत होईल.

डोक्यावर पांढरी टोपी असेल तर ती आधी खिशात घाला. गांधी टोपी घालून इथे फिरणं म्हणजे मार ओढवून घेणं. कुणी ओळखीचं भेटलं तरी ‘जय हिंद’ म्हणू नका. आणि कुणी ‘पोर्तुगीज वसाहत’ म्हणालं तर मान डोलावू नका. १९५१ साली लिस्बनने घटनादुरुस्ती करून वसाहती एका फटक्यात नाहीशा केल्या आहेत. गोवा आता पोर्तुगालचा ‘सागरापारचा प्रांत’ आहे. वसाहतच नाही, तर मुक्त कशाला करायची?

आजच्या दिवसापुरतं तुम्हांला एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम मिळालं आहे. खोली अरुंद, शाईचा आणि रॉकेलचा वास, भिंतीला खिळ्यांच्या पेट्या, कोपऱ्यात पायाने चालवायचं ट्रेडल. हातात पहिलं काम येतं ते लग्नपत्रिकेचं. वर गणपती, खाली कुलदेवता प्रसन्न, मग वधूवरांची नावं, मुहूर्त, आणि शेवटी ‘सहकुटुंब सहपरिवार इष्टमित्रांसह’. तुम्ही ओळी जुळवता, प्रूफ काढता, काना-मात्रा तपासता. आता छपाई सुरू होईल अशा बेताने ट्रेडलकडे वळता, तोवर मालक प्रूफाची घडी घालून पाकिटात ठेवतात. ते आधी सेन्सॉरकडे जाणार.

तुम्ही विचारता, “लग्नपत्रिकासुद्धा?”

मालक चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतात आणि म्हणतात, “ओगी राव.” गप्प बस.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापलेली प्रत्येक गोष्ट सेन्सॉरच्या नजरेखालून जाते, लग्नपत्रिकाही. लिस्बनमध्ये हा सेन्सॉर निळी पेन्सिल वापरतो. वर्तमानपत्रातला मजकूर कापला, तरी ती जागा कोरी ठेवायची परवानगी नसते. तिथे दुसरं काहीतरी भरायचं आणि सेन्सॉरने तपासल्याची ओळ मात्र छापायची. यात लबाडी अशी की १९३३ सालच्या घटनेच्या आठव्या कलमात मतस्वातंत्र्य दिलेलं आहे. त्याचा वापर कसा करायचा हे विशेष कायद्याने ठरेल, एवढंच पुढे जोडलं आहे.

पत्रिकेत सरकारला असं कसलं भय? एका दिवशी, एका ठिकाणी, शे-दोनशे माणसं जमणार, एवढीच बातमी तिच्यात असते. पण सरकारला तीच हवी असते. शिवाय पाकीट परत येईपर्यंत नवरीचा बाप जीव मुठीत धरून बसतो. इष्टमित्रांमध्ये कुणाचा भाऊ तुरुंगात आहे का, कुणाचा पुतण्या मुंबईला जाऊन सभेत बोलला का, हे तो स्वतःच आठवू लागतो. दोन नावं यादीतून स्वतःच गाळतो. त्याला तसं कुणीही सांगितलेलं नाही. बंदुकीला माणसामागे एक शिपाई लागतो, परवान्याला तोही लागत नाही. रोजच्या जगण्यातली प्रत्येक गोष्ट परवान्याची केली की प्रत्येक जण थोडा थोडा गुन्हेगार होतो, आणि गुन्हेगार माणूस दुसऱ्यासाठी तोंड उघडत नाही.

दुपारी समोरच्या हॉटेलात चहाला जा. कोपऱ्यातल्या मेजावर दोघं खालच्या आवाजात बोलताहेत. डॉ. पुंडलिक गायतोंडे, म्हापशाचे सर्जन, पोर्तुगालात शिकलेले, पत्नी पोर्तुगीज. दोनच दिवसांपूर्वी, १७ तारखेला, एका मेजवानीत कुणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणालं, आणि डॉक्टर सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “मी निषेध करतो.” एवढंच. पुढे काय झालं ते ऐकायला तुम्ही कान टवकारता, तेवढ्यात तिसरा माणूस येऊन शेजारी बसतो. पहिला माणूस श्वासही न घेता विषय बदलतो: “औंदा आंब्याक मोहोर बरो आयला.” तिसऱ्याने आजवर कुणाची चुगली केली आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. केली नाही, असंही नाही.

पुढचं तुम्हांला माहीत आहे, त्यांना अजून नाही. डॉक्टरांना थेट पोर्तुगालला नेलं जाईल. एका वाक्याबद्दल.

संध्याकाळी छापखाना बंद करताना खिळे जुळवणारा पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा, हातावरची शाई पुसत तुम्हांला विचारतो, “हें केन्ना सोंपतलें?” हे कधी संपणार?

तुम्ही २१व्या शतकातून आला आहात. तुम्हांला तारीख पाठ आहे: १९ डिसेंबर १९६१. आजपासून बरोबर सात वर्षं दहा महिने. हे वाक्य त्याला सांगितलंत तर आयुष्यभर पुरेल एवढा धीर त्याला मिळेल. पण दारापाशी पत्रिकेसाठी थांबलेला एक गृहस्थ उभा आहे. तो नवरीचा मामा असेल. नसेलही. पोरगा स्वतः कोण आहे हे तरी तुम्हांला कुठे माहीत आहे? तुम्ही खांदे उडवता आणि पेटी बंद करता.

तुम्हांला कुणी धमकावलेलं नाही. पोलीस अजून तुमच्या दृष्टीसही पडलेला नाही. एका दिवसात तुम्ही तयार झालात.

पोलीस दृष्टीस पडतो तो रात्री. चौकीत कासिमिरो मोंतेरो नावाचा एजंट आहे. ‘आजेंत मोंतेरो’ हे नाव गोव्यात त्या वर्षांत मोठ्याने घेतलं जात नाही. मारहाण ही त्याची ख्याती. त्याने कुणाला धरलं यापेक्षा कुणाला का धरलं हे कळत नाही, म्हणून लोक जास्त घाबरतात. नियम स्पष्ट असते तर माणूस नियमाच्या कडेपर्यंत तरी चालला असता. कड कुठे आहे हेच ठाऊक नसल्यामुळे सगळे रस्त्याच्या मधोमध, मान खाली घालून चालतात.

शिक्षा झालीच तर आग्वादचा किल्ला, आणि तेवढ्याने भागलं नाही तर समुद्रापार. १९४६च्या १८ जूनला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यानंतरच्या आंदोलनाच्या लाटेत गोव्याचे नेते टी. बी. कुन्हांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिश किल्ल्यात टाकलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तिकडेच गेले. कैदी हजारो मैलांवर, भेटीला जाणं अशक्य, पत्र आलं तर तपासून आलेलं. गावात राहिलेल्या घराकडे मात्र रोज सगळ्यांचं लक्ष जातं. ते घर म्हणजे जिवंत इशारा.

आता वर्षाहून थोडं अधिक पुढे सरका. एप्रिल १९५५, गाव तेच. याच म्हापशात सुधाताई जोशी गोवामुक्तीसाठी झगडणाऱ्या नॅशनल काँग्रेस (गोवा)च्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून भर वस्तीत उभ्या राहतात. अटक होणार हे त्यांना माहीत आहे, जमलेल्यांना माहीत आहे, पोलिसांना तर आहेच. सत्याग्रहाची युक्ती याच उघडेपणात आहे. भीतीचा सगळा व्यवहार अंदाजावर चालतो: कोण फितूर, कधी धरतील, किती मारतील. सत्याग्रही स्वतःच तारीख सांगतो, जागा सांगतो, नाव सांगतो. फितुराला विकायला काही उरत नाही.

किंमत चुकत नाही, हेही पाहून घ्या. सुधाताईंना तुरुंगवास होतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीसह अनेक ठिकाणांहून हजारो निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडतात. त्यांत महाराष्ट्रातले कितीतरी. समोरून गोळ्या येतात. वीसहून अधिक माणसं तिथेच पडतात. रेल्वे थांबते, भारत नाकेबंदी करतो. मग गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ आणि जपानचं सिमेंट येऊ लागतं. दुकानं परदेशी मालाने भरतात, आणि नोव्हेंबरपासून बंद खिडक्यांआड लोक एक चोरटा रेडिओ ऐकू लागतात. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरहद्दीपलीकडच्या जंगलातून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या देतात. सेन्सॉरकडून न आलेलं एक वाक्य ऐकायला माणसं कान लावून बसतात.

आता १९५८चं लिस्बन. ही सगळी दडपशाही गोऱ्यांनी काळ्यांवर केली अशी समजूत घेऊन आला असाल, तर ती इथे उतरवून ठेवा. इथेही तोच सेन्सॉर आणि तीच गुप्त पोलीस यंत्रणा, पीडे. सरकारी नोकरी हवी तर साम्यवाद आणि सगळे ‘विध्वंसक विचार’ नाकारल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कैद्याला ‘पुतळा’ करतात, म्हणजे हलू न देता तासन्‌तास उभं करायचं, झोपू द्यायचं नाही. शिक्षा संपली तरी ‘सुरक्षेचा उपाय’ म्हणून कैद वाढवता येते, आणि ती मुदतही पुन्हा वाढवता येते. सुटकेची तारीखच नसलेला तुरुंग, हा या राजवटीचा खास शोध.

या वर्षी जनरल उंबेर्तु देलगादु राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहतो. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, या प्रश्नावर त्याने भर पत्रकार परिषदेत सरळ सांगितलेलं असतं: बडतर्फ करणार. देश हादरतो, कारण एवढं साधं वाक्य तीस वर्षांत कुणी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. निवडणूक तो ‘हरतो’. पुढच्याच वर्षी थेट निवडणुकीची पद्धतच रद्द होते. १९६५च्या फेब्रुवारीत स्पेनच्या सरहद्दीजवळ पीडेची टोळी त्याला ठार करते. मारेकरी तुमच्या ओळखीचा आहे. म्हापशाच्या बाजारात ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं, तोच कासिमिरो मोंतेरो. गोव्यात चालवून पाहिलेला हात शेवटी पोर्तुगालच्या जनरलवर पडला.

गोवा तोवर मुक्त होऊन तीन वर्षं उलटली आहेत, तरी मोहन रानडे अजून कैदेतच आहेत. सांगलीचा हा तरुण सावईवेरेला शिक्षक म्हणून आला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५मध्ये बेती चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडला. शिक्षा सव्वीस वर्षं. गोव्यातून पोर्तुगीज गेले, रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात राहिले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली आणि जानेवारी १९६९मध्ये ते बाहेर आले. धैर्य दाखवलं की दरवाजे उघडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब करून पाहावा. गोव्याचे दरवाजे अखेर भारतीय सैन्याने उघडले. सत्याग्रहींनी त्याआधी केलं ते निराळं: दाराआड माणसं आहेत हे त्यांनी जगाला ऐकवलं.

१९६८मध्ये सालाझार खुर्चीवरून पडतो, मेंदूत रक्तस्राव होतो आणि सत्ता मार्सेलु काएतानुकडे जाते. सालाझार त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं जगला, पण आपण पंतप्रधान राहिलेलो नाही हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, असं म्हणतात. चाळीस वर्षं लोकांना खरं न बोलण्याची शिस्त लावली होती, ती अखेर मालकालाही लागू झाली.

शेवटचा मुक्काम २५ एप्रिल १९७४, लिस्बन. आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी रात्रीत रणगाडे बाहेर काढले आहेत. रेडिओवरून बंडवाले पुन्हा पुन्हा विनंती करताहेत: नागरिकांनी घरातच थांबावं. तुम्ही रस्त्यावर येऊन बघा. गल्ल्या भरल्या आहेत. बायका सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचताहेत, पोरं रणगाड्यांवर चढली आहेत. कार्मु चौकातल्या बराकीत काएतानु कोंडला गेला आहे आणि बाहेर हजारो माणसं वाट पाहताहेत. फक्त पीडेच्या कचेरीतून गर्दीवर गोळीबार होतो आणि चार जण मरतात. तरी लोक घरी जात नाहीत. दोन रात्रींनंतर काशियशची दारंही उघडतात.

१९२६च्या लष्करी उठावापासून अठ्ठेचाळीस वर्षं टिकलेली राजवट एका दिवसात संपली. तिच्याकडे शस्त्रं त्या दिवशीही होती, फाइलीही होत्या, खबरेही होते. कमी पडली ती एकच गोष्ट: शेजारी गप्प बसेल ही खात्री. म्हापशातल्या त्या नवरीच्या बापाने यादीतली दोन नावं गाळली तेव्हा तीच खात्री भक्कम झाली होती, आणि लिस्बनच्या बाईने घरात थांबा ही सूचना कानाआड करून फुलांचा गुच्छ उचलला तेव्हा ती मोडली. तो हुकूम या वेळी मित्रांनी दिला होता. पण आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसांनी आधी ऐकणंच सोडलं, आणि कुणाचं ऐकायचं हे नंतर ठरवलं.