फाटक्या कडेची भूमिती

कागद फाडायला कोणाला शिकवावे लागत नाही. वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाच्या हाती वर्तमानपत्र पडले की ते टरकावल्याशिवाय राहत नाही. सरळ रेषा काढायची म्हटली तर मात्र पट्टी लागते, टोकदार पेन्सिल लागते आणि काही वर्षांचा सराव लागतो. माणसाच्या हाताला फाटकी कड सोपी आणि सरळ कड अवघड.

संगणकाचे याच्या अगदी उलट आहे. दोन टोके सांगितली की तो क्षणात सरळ रेषा काढून देतो. पण ‘कागद फाटल्यासारखी कड काढ’ असे सांगितले, तर ‘फाटल्यासारखी म्हणजे नक्की कशी?’ हे त्याला नियम म्हणून सांगावे लागते. तो नियम माणसाला तरी कोठे ठाऊक होता? तो सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

चिकटवहीपासून पडद्यापर्यंत

शाळेतली चिकटवही आपल्या परिचयाची आहे. पाश्चात्त्य देशांत हा मोठ्यांचाही जुना छंद. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ साली, पाने आधीच डिंक लावून तयार ठेवलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पुढे घरोघरी संगणक आले, छायाचित्रे संगणकावर साठवली जाऊ लागली आणि चिकटवहीही पडद्यावर आली. हिलाच डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. तिच्यात कागद नाही, कात्री नाही, डिंकही नाही. आहेत ती फक्त कागदाची चित्रे. आणि गंमत अशी की, ही पाने करणाऱ्यांना नेमकी हवी असते ती हाताने फाडलेल्या कागदाची कड. कारण ती कड ‘येथे माणसाचा हात फिरला आहे’ असे सांगते.

नवशिक्या माणसाचा पहिला प्रयत्न बहुधा करवतीच्या दात्यांसारखा होतो. सारखी उंची, सारखे अंतर. ती कड फाटलेली वाटत नाही, कातरलेली वाटते. मग तो दुसऱ्या टोकाला जातो आणि प्रत्येक बिंदू मनाला येईल तसा वर-खाली सरकवतो. आता कड झाडूच्या टोकासारखी दिसते. तीही फाटलेली वाटत नाही. म्हणजे खरी कड या दोन्हींच्या मधली आहे. तिच्यात अव्यवस्था आहे, पण ती अव्यवस्था काही मर्यादा पाळते.

कागद फाटतो तेव्हा

आधी खरा कागद पाहू. कागद म्हणजे तंतूंची दाबलेली गादी. लाकडापासून केलेल्या कागदात हे तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब असतात. आपण कागद ओढतो तेव्हा काही तंतू तुटतात, तर काही शेजाऱ्यांच्या पकडीतून निसटून बाहेर येतात. जेथे पकड दुबळी असेल तिकडे चीर वळते. चीर पुढे कोठे जाणार हे ठरवण्यात ती आता कोठे आहे याचा मोठा वाटा असतो. म्हणून कडेवरचा प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्याला धरून असतो.

फ्रान्समधील निकोला-लुई रोबेर यांना १७९९ साली अखंड पट्ट्यात कागद करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. अशा यंत्रात लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू धावेच्या दिशेने लोळतात. म्हणून वर्तमानपत्र वरून खाली बरेच सरळ फाटते आणि आडवे फाडू लागलो की वेडेवाकडे जाते. हातकागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात. जुन्नर किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या कागदाची कड न फाडताही थोडी झिरमिळ असते, कारण चौकटीखाली लगदा किंचित पसरलेला असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चीर कागदाच्या जाडीतून सरळ खाली उतरत नाही, तिरपी उतरते. एका बाजूने रंगीत असलेला कागद फाडला तर एका तुकड्याच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. तो कागदाच्या आतल्या थराचा. फाडताना ओढण्याची दिशा बदलली की हा पट्टा दुसऱ्या तुकड्याकडे जातो.

युद्धांचा हिशेब आणि देशांच्या सीमा

‘मर्यादा पाळणारी अव्यवस्था’ आकड्यांत कशी मांडावी, याचा धागा कागदापासून फार दूर सापडला.

लुइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) हे इंग्रज शास्त्रज्ञ हवामानाचे भाकीत गणिताने करण्याच्या प्रयत्नाबद्दल ओळखले जातात. ते क्वेकर पंथाचे, युद्धाला ठाम विरोध असणारे. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र घेतले नाही. फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. १९२० साली इंग्लंडचे हवामान कार्यालय हवाईदलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे त्यांनी युद्धे का होतात याचा गणिती अभ्यास आरंभला. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितका युद्धाचा संभव अधिक, असे आहे काय? हे तपासायचे तर सीमांची लांबी हवी.

आकडे शोधताना त्यांना विलक्षण गोष्ट आढळली. स्पेन व पोर्तुगाल यांच्या सीमेची लांबी एके ठिकाणी ९८७ किलोमीटर होती, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४. नेदरलँड्स व बेल्जियम यांच्या सीमेचे आकडेही ३८० आणि ४४९ असे दोन. कोणी खोटे बोलत नव्हते. मोजण्याचे पाऊल जितके लहान, तितकी अधिक वळणे मोजली जातात आणि लांबी वाढते. रिचर्डसन यांनी नकाशांवर कर्कटक ‘चालवून’ पाहिले. पाऊल लहान करत गेले की लांबी वाढे, पण वाटेल तशी नव्हे. एका ठराविक नियमाने वाढे. हे काम त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. ते छापले गेले १९६१ साली.

बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या ते वाचनात आले. १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, लांबी विचारण्यापेक्षा किनारा किती खडबडीत आहे हे विचारा. सरळ रेषेची मिती १, संपूर्ण पृष्ठभागाची २. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती आली सुमारे १.२५. म्हणजे मोजण्याचे पाऊल निम्मे केले की लांबी सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. अशा आकारांना त्यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मोडलेला, तुटलेला’ असा आहे.

हे नाव नुसते शोभेचे नव्हते. १९८४ साली मँडेलब्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुटलेल्या पोलादाचा पृष्ठभाग तपासला, तेव्हा तेथेही हाच प्रकार दिसला. १९९३ साली यानोश केर्तेस आणि सहकाऱ्यांनी कागदाच्या फाटरेषा मोजल्या. लहान तुकडा योग्य प्रमाणात वाढवला की तो मोठ्या तुकड्याच्या स्वभावाचाच निघतो, असे तेथेही आढळले. किनारा आणि फाटका कागद एकाच कुळातले ठरले.

नियम हाती आला

नियम कळल्यावर कड घडवणेही शक्य झाले. लॉरेन कार्पेंटर हे बोइंग कंपनीत विमानांची संगणकचित्रे करीत. विमानामागे डोंगर हवेत, पण ते काढायचे कसे? मँडेलब्रॉट यांच्या पुस्तकातून त्यांना वाट सापडली आणि १९८० साली त्यांनी फ्रॅक्टल डोंगरांवरून उडत जाण्याचा छोटा चित्रपट दाखवला. १९८२ साली फूर्निए व फसेल यांच्याबरोबर त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की वर्गात नाणे व फासा घेऊन करता येते.

आलेखाच्या कागदावर १६ सेंटिमीटरची आडवी रेषा घ्या. तिच्या मध्यबिंदूसाठी नाणे उडवा. छापा आला तर वर, काटा आला तर खाली. किती सरकवायचे ते फासा सांगेल: पडलेला आकडा गुणिले २ मिलिमीटर. नवा बिंदू दोन्ही टोकांना जोडा. आता दोन तुकडे झाले. प्रत्येकाचा मध्य काढून पुन्हा तेच करा, मात्र गुणक २ ऐवजी १.४ घ्या. पुढच्या फेरीत १, त्यापुढच्या फेरीत ०.७. चार फेऱ्यांत १६ तुकडे होतात. संगणक अशा दहा फेऱ्या सहज करतो, म्हणजे १,०२४ तुकडे.

सगळी मेख गुणकात आहे. प्रत्येक फेरीला तो निम्मा केला तर कड पुष्कळशी सौम्य येते. मुळीच कमी केला नाही तर मघाचा झाडू हाती येतो. सात-दशांशाच्या आसपास ठेवला की डोळ्यांना ‘फाटले’ असे वाटू लागते.

याच सुमारास केन पर्लिन ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटाच्या संगणकचित्रांवर काम करीत होते. चित्रे फार यांत्रिक दिसतात ही त्यांची खंत होती. त्यांनी १९८३ च्या सुमारास अशी रीत शोधली की, जिच्यातील आकडे यादृच्छिक असतात, पण शेजारचे आकडे एकमेकांपासून एकदम तुटत नाहीत. १९८५ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९७ साली तिच्याबद्दल त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. कागदाचा पोत, ढग, संगमरवर या साऱ्यांसाठी ती वापरली गेली.

पांढऱ्या पट्ट्याची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पडद्यावरच्या चिकटवहीचे पान बहुधा १२ इंच चौरस असते. इंचाला ३०० ठिपके धरले तर एक बाजू ३,६०० ठिपक्यांची होते आणि १ मिलिमीटरमध्ये सुमारे १२ ठिपके मावतात. म्हणजे २ मिलिमीटरचा पांढरा पट्टा २४ ठिपक्यांचा होईल. बरेच जण कडेचीच प्रत २४ ठिपके आत सरकवून पट्टा काढतात. तो फाटलेला दिसत नाही, रंगवलेली किनार दिसते. कारण खऱ्या कागदात वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या वाटेने फाटतात. पट्टा कोठे रुंद, कोठे अरुंद, तर कोठे नाहीसाच होतो. म्हणून आतल्या रेषेची मोठी वळणे बाहेरच्या रेषेसारखी ठेवून बारीक वळणांसाठी वेगळे फासे टाकावे लागतात. त्यावर मिलिमीटरहून लहान असे थोडे तंतू आणि कड जेथे उचललेली असेल तेथे रुंद होणारी सावली. एवढे केले की डोळा फसतो.

तरी एक चूक हमखास उघडी पडते. एकच कड चारही बाजूंना वापरली की डोळा ती पकडतो. खरी चीर पुन्हा तशीच पडत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये करारनामा एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहून मधून नागमोडी कापत आणि दोन्ही पक्षांना एकेक भाग देत. वाद झाला तर कडा जुळवून खरेखोटे ठरे. आजही न्यायवैद्यक प्रयोगशाळांत फाटलेले तुकडे जुळवून पुरावा उभा केला जातो. ज्या कडेला आपण ‘वेडीवाकडी’ म्हणून केराच्या टोपलीत टाकतो, ती साक्ष देऊ शकते.

या इतिहासातून शिक्षकांनी घ्यावे असे पुष्कळ आहे. शाळेच्या भूमितीत रेषा, त्रिकोण, वर्तुळ असतात. त्यामुळे ज्याला पट्टी लागत नाही त्याला नियमही नाही, असा समज मुलांच्या मनात नकळत रुजतो. अनियमित म्हणजे नियमाविना नव्हे. आणि हा नियम सापडला तो युद्धे का होतात या काळजीपोटी सीमा मोजणाऱ्या माणसाला. त्याच्या हयातीत त्या मोजणीकडे कोणी पाहिलेही नव्हते.

वर्गात एवढे जरूर करावे. एक जाड कागद आडवा फाडावा. त्याच्या कडेवर कर्कटक आधी २ सेंटिमीटर, मग १ सेंटिमीटर, मग ५ मिलिमीटर आणि शेवटी अडीच मिलिमीटर उघडून चालवावे. प्रत्येक वेळची लांबी फळ्यावर लिहावी. मग मुलांना विचारावे: या कडेची खरी लांबी कोणती? उत्तराची घाई करू नये. मुलांना आपसांत भांडू द्यावे.