उसाम्बाराचं फूल आणि टांगा बंदराची लढाई

आज एका कुंडीतल्या झाडाचा इतिहास सांगतो, आणि तो थेट आपल्या फौजेपर्यंत येतो.

आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरला राहतो. इथल्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआडच्या उजेडात आफ्रिकन व्हायोलेट तग धरतं. त्याच्या लवदार पानांवर गार पाणी पडलं की डाग पडतात, म्हणून पाणी खालच्या बशीत द्यायचं. नवं रोप हवं असेल तर एक पान देठासकट मातीत खोचायचं.

हे झाड मूळचं उसाम्बारा डोंगरातलं, म्हणजे आजच्या टांझानियातलं. जॉन कर्क यांनी १८८४ मध्येच त्याचे नमुने लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवले होते, पण तेव्हा नाव काही पडलं नाही. पुढे तिथला जर्मन जिल्हा अधिकारी वाल्टर फॉन सेंट पॉल याने ते आपल्या वडिलांकडे धाडलं. हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हेर्मान वेंडलांड यांनी १८९३ मध्ये त्याला 'सेंटपॉलिया' म्हटलं. साहेबाचं नाव असं फुलाला चिकटलं.

त्याच डोंगराच्या पायथ्याची रेल्वे टांगा बंदरातून सुटते. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून निघालेली सुमारे आठ हजारांची फौज या बंदरावर उतरली. त्यात मुंबई इलाख्याची जुनी पलटण, १०१ ग्रेनेडियर्स, होती. समोर लेटो-फोरबेक यांचे जेमतेम हजार सैनिक. पण हल्ल्याआधी 'फॉक्स' या ब्रिटिश युद्धनौकेने बंदरात जाऊन तह संपल्याची सूचना दिली. शत्रूला अचानक गाठायची संधी तिथेच गेली, आणि त्याला कुमक आणायला वेळ मिळाला. आठवडेच्या आठवडे बोटीत कोंबलेले जवान, धड टेहळणी नाही, पुढे दाट झाडी, वर चवताळलेल्या मधमाश्या! ४ नोव्हेंबरच्या लढाईत डाव्या बगलेवर ग्रेनेडियर्सची फार हानी झाली. एकूण आठशेहून अधिक हताहत झाले आणि दुसऱ्या दिवशी फौज माघारी बोटींवर चढली. पराभव नियोजनाचा होता, किंमत जवानांनी मोजली.

नावं बदलतात. सरोजिनी नगर पूर्वी विनय नगर होतं. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी सेंटपॉलिया ही प्रजातीच 'स्ट्रेप्टोकार्पस'मध्ये विलीन केली. तरी त्या अधिकाऱ्याचं नाव जगभरच्या बागप्रेमींच्या तोंडी आहेच. त्याच मुलखात पडलेल्या आपल्या शिपायाचं नाव किती जणांना सांगता येईल?

म्हणून एक विनंती. सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक ट्रंकेत पडून असतं. त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते वहीत उतरवा, मुलांना वाचून दाखवा. पदक मोडीत घालू नका.

जय हिंद.