लॉयल्टी जहाज आणि गुजरी महाल : ग्वाल्हेर दरबाराचे दोन खर्च

आपल्या लष्करात, सराफ्यापासून महाराज बाड्यापर्यंत, जुन्या मराठी घरांतून एक गोष्ट हमखास कानावर येते. "महाराजांची मुंबईला जहाज कंपनी होती. सिंदिया कंपनी. आपल्याच पैशाची." सांगणारा अगदी खात्रीनं सांगतो, आणि ऐकणाराही मान डोलावतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे गोष्टीला चवही येते. पण सराफ्यातली माणसं आपण. सोनं हातात आलं की आधी कसोटीवर घासून बघायचं, हा इथला रिवाज. या गोष्टीत सोनं किती आणि हीण किती, ते बघू या. बघता बघता आपण समुद्रावरून परत ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीच येऊन पोहोचणार आहोत.

सुरुवात जहाजापासून. त्याचं मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडमधल्या बॅरो या गावी ते बांधलं गेलं आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात उतरलं. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. सुमारे ५,९०० टनांचं, पांढऱ्या रंगाचं, दोन धुरांड्यांचं आणि तीन डोलकाठ्यांचं हे जहाज ताशी १६ नॉटच्या आसपास वेगानं जाई. पहिल्या वर्गाचे १२० उतारू, दुसऱ्या वर्गाचे ५० आणि खाली सर्वांत स्वस्त वर्गाचे ६००, अशी सोय. त्याचं नेमून दिलेलं काम हाँगकाँग ते कॅनडातलं व्हँकुव्हर अशी प्रशांत महासागरातली टपाल वाहतूक हे होतं.

आता हिशेब बघा. जहाज बांधलं इंग्लंडात, चालवायचं प्रशांत महासागरात. म्हणजे अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून ते तिकडं न्यायलाच हवं. मग रिकामं कशाला न्यायचं? कंपनीनं पृथ्वीप्रदक्षिणेची तिकिटं विकली. ८ फेब्रुवारी १८९१ रोजी लिव्हरपूलहून निघून, सुएझ कालव्यातून, हाँगकाँग आणि जपानमार्गे ते २८ एप्रिलला व्हँकुव्हरला लागलं. पुढं कंपनीच्याच आगगाडीनं कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिकवरून बोटीनं घरी परतायचं. केवळ हौसेखातर, वाटेतली बंदरं बघत केलेली ही सफर होती.

गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात, अवघ्या अडीच आठवड्यांपूर्वी, २२ जानेवारी १८९१ रोजी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही जर्मन आगबोट कुक्सहाफेन बंदरातून भूमध्य समुद्राकडे निघाली होती. उतारू २४१, दिवस ५७. इजिप्त, पॅलेस्टाइन, इस्तंबूल, अथेन्स अशी प्राचीन ठिकाणं किनाऱ्यावर उतरून बघायची आणि रात्री परत बोटीवर यायचं. आजच्या क्रूझ सहलींची सुरुवात बरेच जण या सफरीपासून मोजतात. तिचं कारणही व्यापारीच होतं. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत, बोट गोदीत नुसती उभी राही, आणि कंपनीचा कारभारी आल्बर्ट बालिन याला ते बघवेना. रिकाम्या बोटीचं भाडं कसं वसूल करायचं, या विवंचनेतून प्राचीन अवशेष बघायची ही नवी तऱ्हा निघाली.

या तऱ्हेची एक मेख आहे. बोट बंदराला लागते, आणि प्राचीन ठिकाण बहुधा बंदरात नसतं. आपल्या मंडळातली काही घरं हल्ली भूमध्य समुद्राची क्रूझ करून येतात, त्यांच्या बोलण्यात हे नेहमी येतं. बोट 'रोम'ला थांबते असं छापलेलं असतं, ती थांबते चिवितावेक्कियाला; तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ऑलिंपियासाठी काताकोलो बंदरात उतरायचं आणि बसनं पुढं जायचं. नेपल्सहून पॉम्पेई पंचवीसेक किलोमीटर. सकाळी आठला उतरायचं, संध्याकाळी पाच-साडेपाचला बोटीवर हजर. जाणं-येणं, जेवण, रांग वजा केली की इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या अख्ख्या शहराच्या वाट्याला तीन तास येतात. तेवढ्या वेळात दिसतं काय? जे कुणीतरी आधीच खणून, झाडून, नाव लावून, रस्ता आखून ठेवलेलं आहे, तेच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या जहाजाकडे परत येऊ. तेवीसेक वर्षं प्रशांत महासागरात फेऱ्या घातल्यावर 'एम्प्रेस ऑफ इंडिया' जुनं झालं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी ते विकत घेतलं. इतर संस्थानिकांचाही हातभार होता. हिंदी सैनिकांसाठी त्याचं इस्पितळ-जहाज झालं आणि जानेवारी १९१५ मध्ये नाव पडलं 'लॉयल्टी'. माधवरावांना या कामाची सवय होती. १९०० सालच्या चीनच्या मोहिमेतही त्यांनी 'ग्वालियर' नावाचं इस्पितळ-जहाज दिलं होतं आणि स्वतःही त्या मोहिमेवर गेले होते. ज्या केबिनमध्ये हौशी प्रवासी सुएझचा कालवा बघत बसले होते, तिथं आता जखमी शिपाई निजू लागले.

युद्ध संपलं आणि जहाज विकायला निघालं. इथं आपल्या गोष्टीतलं हीण निघतं. मार्च १९१९ मध्ये ते घेतलं वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. जहाज शिंद्यांकडून आलं, म्हणून नाव शिंद्यांचं. कंपनी मात्र सोलापूरकर वालचंदांची आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडला निघालं. समुद्रावर तेव्हा गोऱ्या कंपन्यांची सद्दी होती. अशा वेळी हिंदी मालकीची बोट परदेशी जाते, ही त्या काळी मोठीच गोष्ट. म्हणून तर ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढं याच कंपनीनं विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. तिथल्या एका भागाला लोक अजून 'सिंदिया' म्हणतात. आपलं नाव बंगालच्या उपसागरापर्यंत गेलं, हे खरंच. जहाज एके काळी महाराजांचं होतं, हेही खरं. कंपनी महाराजांची, एवढं मात्र कसोटीवर उतरत नाही.

खुद्द 'लॉयल्टी' फार टिकलं नाही. १९२३ साली मुंबईत ते भंगारात काढलं.

आता त्याच वर्षांतला, त्याच दरबाराचा दुसरा खर्च बघा. याबद्दल सराफ्यात कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

विदिशाजवळचं बेसनगर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. तिथं एक दगडी खांब आहे, लोक त्याला 'खांब बाबा' म्हणत आणि पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढवत. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथं गेला. हिंदुस्थानातल्या पुरातत्त्वाचा तो आद्य पुरुष. त्यानं खांब नीट पाहिला, घडणीवरून काळाचा अंदाजही बांधला. पण शेंदराच्या जाड थराखाली काय आहे ते त्याला दिसलं नाही. तो पाहुणा होता. पाहून पुढं गेला. जानेवारी १९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानचा इंजिनिअर लेक यानं खांबाच्या खालच्या भागावरचा शेंदूर थोडा काढून बघितला, आणि अक्षरं दिसली. ब्राह्मी लिपीतला लेख निघाला : तक्षशिलेचा हेलिओदोर, यवन राजा अंतलिकिताचा वकील, भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि त्यानं वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. इसवी सनापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट! दूरदेशीचा एक प्रवासी इथं आला, राहिला आणि मागं खांब ठेवून गेला. तो वाचायला कनिंगहॅमनंतर बत्तीस वर्षं लागली, आणि त्याचा छडा संस्थानात राहून काम करणाऱ्या माणसाला लागला.

पुढं १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी बेसनगरला उत्खनन केलं. त्याच १९१३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं उघडलं आणि ते सोपवलं मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे. हे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवं. संस्थानात गावोगाव हिंडून देवळं, लेख, पडक्या गढ्या, मूर्ती यांची नोंद करायची. पडतंय ते सावरायचं. हलवता येईल ते सुरक्षित जागी आणायचं. आणि येणाऱ्या प्रवाशाला समजेल अशी माहिती लिहायची, हे काम गर्द्यांनी वर्षानुवर्षं केलं. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातलं पद्मावती नगर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं पवाया. तिथं त्यांनी खणलं. १९२१ मध्ये बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला दरबारानं नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना बोलावलं. लेण्यांतली मूळ चित्रं झिजतच गेली, त्यामुळे या नकलांचं मोल आज वाढलेलं आहे. आणि १९२२ साली, किल्ल्याच्या पायथ्याशी, मानसिंह तोमराच्या गुजरी महालात संग्रहालय सुरू झालं.

दोन तारखा शेजारी ठेवा. १९२२ : गुजरी महाल संग्रहालय. १९२३ : 'लॉयल्टी' भंगारात. एकाच दरबाराच्या तिजोरीतून निघालेला पैसा. जहाजानं त्याच्या वेळी मोठं काम केलं, हजारो जखमींना आधार दिला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आज आपल्या हाताला लागेल असं त्यातलं एक पितळी कडंही इथं नाही. गर्द्यांनी गोळा केलेले दगड मात्र शंभर वर्षांनंतरही जागेवर आहेत.

आणि तरीही आपण पाहुण्यांना दाखवतो काय? बाहेरगावचा माणूस हल्ली ग्वाल्हेरला बोटीवरच्या उतारूसारखाच येतो. सकाळी दिल्ली-आग्र्याकडून गाडी, संध्याकाळी परत. हाती चार-पाच तास. मोटार पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यानं वर जाते, वाटेत कड्यातल्या जैन मूर्ती दिसतात. मग मानमंदिर, सासबहू, तेली मंदिर. खाली उतरून जयविलास, आणि वेळ उरला तर सराफ्यातले दगडी झरोके बघत बाड्यावर खरेदी. वाईट काहीच नाही यात. फक्त किल्ल्याची पूर्वेची बाजू अख्खी सुटते. कारण तिकडून मोटार वर जात नाही, पायी चढावं लागतं.

त्या सुटलेल्या बाजूला काय आहे? पायथ्याशी गुजरी महाल. त्यात पवायाचा मणिभद्र यक्ष, बेसनगरचे अवशेष, ग्यारसपूरची छोटीशी शालभंजिका. वर जाताना लक्ष्मण दरवाज्याजवळ एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर. इसवी सन ८७६ च्या त्याच्या शिलालेखात फुलबागेचं माप दिलंय : २७० हात लांब, १८७ हात रुंद. त्यातलं २७० आपण आज लिहितो तसंच, शेवटी शून्याचं वर्तुळ काढून लिहिलेलं आहे. देवाला रोज पन्नास हार द्यायची सोय केली, त्या ५० मध्येही तेच शून्य. दगडावर कोरलेल्या शून्याच्या जुन्या नमुन्यांत हा लेख जगभर नावाजलेला आहे. गणिताचे अभ्यासक तो शोधत लांबून येतात आणि आपल्या पाहुण्यांची मोटार दुसऱ्याच दारानं निघून जाते.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक सुचवणं आहे. पुढच्या वेळी घरी पाहुणे आले की सराफ्यातून रिक्षा करून आधी किला गेटला उतरा. संग्रहालयाच्या बंदचा वार तेवढा आधी विचारून घ्या. तासभर गुजरी महाल, मग पायी चढण, चतुर्भुजापाशी दहा मिनिटं थांबून शिलालेखातलं शून्य शोधायचं, आणि मग वर मानमंदिर. उतरताना हवी तर उरवाईकडून मोटार बोलवा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी निदान गुजरी महाल चुकवू नये, तो सपाटीवरच आहे. आणि तिथल्या मूर्तींपुढं उभं राहून पाहुण्यांना शिंद्यांच्या जहाजाची गोष्ट सांगाल तेव्हा मोरेश्वर बळवंत गर्दे हे नावही सांगा.